एलेव्हेटरवर ७२ तासांचा आठवडा आणि ओव्हरटाइम शून्य. हे नियमात बसतं का?

मक्याचं_कणीस (धागाकर्ता)

राम राम मंडळी. इथे आजवर नुसता वाचनमात्र होतो, आज लिहायची वेळ आली.

मी मूळचा बार्शीकडचा. बायको डॉक्टर, आयोवातल्या एका काउंटीच्या मुख्य गावात तिचं हॉस्पिटल. आम्ही राहतो ते गाव त्याहून लहान, जेमतेम नऊशे वस्तीचं, मुख्य गावापासून अकरा मैलांवर. एक चर्च, एक पेट्रोल पंप, एक बार आणि रुळाला लागून धान्याचे उंच सायलो. वर्क परमिट आल्यावर मी त्या सायलोंवरच कामाला लागलो. याला इथे ग्रेन एलेव्हेटर म्हणतात. (बायको डॉक्टर आणि तू काट्यावर? हा प्रश्न दोन्हीकडच्या घरच्यांनी विचारून झालाय, इथे नको.)

काम असं: शेतकऱ्याचा ट्रक आला की भरलेला तोलायचा, वरून प्रोब दाण्यात खुपसून नमुना ओढायचा, मॉइश्चर बघायचं, ट्रक पिटावर (धान्य ओतायच्या खड्ड्यावर) रिकामा करायला लावायचा, रिकामा परत तोलायचा, तिकीट हातात द्यायचं. धान्याचं इथलं माप बुशेल, मक्याचा ५६ पौंडांचा, सोयाबीनचा ६० चा. मक्याचं मॉइश्चर १५ टक्क्यांच्या वर गेलं की पैशांत कपात होते, आणि तिथे शेतकरी जी तोंडं करतो ती बघून मला आपल्या बाजार समितीची आठवण येते.

सुगीत सकाळी सहाला काटा उघडतो आणि रात्री शेवटचा ट्रक जाईपर्यंत बंद होत नाही. ऑक्टोबरमधला एक आठवडा माझे ७२ तास भरले. ताशी २० डॉलर, चेक आला बरोब्बर १४४० चा, टॅक्स कापायच्या आधी. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, "आपण कंट्री एलेव्हेटर, आपल्याला ओव्हरटाइम लागू नाही." माणूस सज्जन आहे, खोटं बोलेल असं वाटत नाही. पण अमेरिकेत ४० तासांनंतर दीडपट, हे तर पोरंसोरंही सांगतात. खरं काय?

---

गप्प_गुमान

शेतीकामाला ओव्हरटाइम नसतो. संपला विषय.

---

कलमबहाद्दर

संपला नाही गुमानभाऊ, इथेच सुरू होतो. मी मिनेसोटात पेरोलमध्ये आहे, वकील नाही, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

शेतमजुराला ओव्हरटाइम नाही ही सूट वेगळी, फेडरल मजुरी कायद्यातलं (फेअर लेबर स्टँडर्ड्स अॅक्ट) कलम १३(बी)(१२). ती शेतावरच्या कामाला. गावभरच्या शेतकऱ्यांचा माल घेणारा एलेव्हेटर म्हणजे शेत नव्हे, मग तो शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचा का असेना. १९४९ साली कोलोरॅडोतल्या एका पाटपाणी कंपनीचा खटला सुप्रीम कोर्टात गेला होता. कंपनी शेतकऱ्यांचीच, पाणी त्यांच्याच शेतांना, पण कोर्ट म्हणालं की कंपनी स्वतः शेती करत नाही, तिची माणसं शेतमजूर नव्हेत.

मॅनेजर म्हणतो ती सूट दुसरी, कलम १३(बी)(१४). ती खरोखर आहे, मॅनेजर हवेतून बोलत नाही. पण तिला अटी आहेत आणि त्या सगळ्या एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. एक, जागा लोकांच्या नजरेत 'कंट्री एलेव्हेटर' असावी, म्हणजे आसपासच्या शेतकऱ्यांकडून थेट माल घेणारी. नदीवरचं बार्जचं टर्मिनल किंवा डुलुथसारखं बंदर यात बसत नाही. दोन, ती 'उत्पादन क्षेत्रा'त असावी. तीन, त्या कामांत पाचापेक्षा जास्त माणसं नसावीत.

पाच. सहावा आला की सूट गेली.

कणीस, तुमच्याकडे सुगीत किती माणसं होती?

---

मक्याचं_कणीस

एरवी पाच. मॅनेजर, मी, सायलो-ड्रायर बघणारे दोघे आणि ऑफिसातल्या बाई, त्या अर्धाच दिवस येतात. सुगीत कॉलेजची दोन पोरं आणि एक निवृत्त शेतकरी आजोबा. आजोबा काट्यावर, पोरं पिटावर. शिवाय आवारापलीकडे खताच्या शेडमध्ये दोघे असतात, ते आपल्यात धरायचे का कोण जाणे. पगार सगळ्यांचा एकाच संस्थेकडून येतो. संस्थेच्या बाकीच्याही गावांत शाखा आहेत.

---

कलमबहाद्दर

मग बसून मोजूया.

बाकीच्या शाखा सोडा. मोजायचं ते 'एस्टॅब्लिशमेंट', आणि या कायद्यात त्याचा अर्थ एक वेगळी, स्वतंत्र जागा. १९४५ पासून कोर्ट हेच धरून आहे. संस्थेत तीनशे माणसं असली तरी तुमच्या जागेवर पाच असतील तर अट पाळली गेली.

ऑफिसातल्या बाई धरा. अर्धवेळ माणूस वगळा असं कलमात कुठे म्हटलेलं नाही. मॅनेजरही धरा, तो मालक नाही, नोकरच आहे. पगार महिन्याचा की तासाचा याचा मोजणीशी संबंध नाही.

खताच्या शेडचं इथे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. कलमातच लिहिलंय की शेतीला लागणारा माल आणि सेवा विकणाऱ्या एलेव्हेटरलासुद्धा ही सूट मिळते. म्हणजे खत विकलं म्हणून सूट जात नाही. पण त्याच वाक्यात पुढे 'अशा कामांत' पाचापेक्षा जास्त नकोत असं आहे, आणि खतविक्री हे अशा कामांतलंच. शेड हा एलेव्हेटरचाच भाग असेल तर ते दोघे धरून तुम्ही एरवीसुद्धा सात होता! शेड वेगळी शाखा असेल, हिशेब वेगळा, माणसं इकडची तिकडे होत नसतील, तर मालक म्हणेल दोन जागा. हा वादाचा मुद्दा आहे, मी छातीठोक सांगणार नाही.

पण शेड बाजूला ठेवली तरी सुगीत पाच अधिक तीन, आठ. आणि हे आठवड्या-आठवड्याने पाहायचं असतं. एका आठवड्यात पाच माणसं असतील तर त्या आठवड्याला सूट, पुढच्यात आठ झाली तर त्या आठवड्यात सगळ्यांना ४० च्या पुढे दीडपट. वर्षाची सरासरी काढून "आमच्याकडे साधारण पाचच" असं चालत नाही.

तुमच्या ७२ तासांचं गणित: ४० × २० = ८००, वरचे ३२ × ३० = ९६०, एकूण १७६०. मिळाले १४४०. फरक ३२०, एका आठवड्याचा.

---

आडत्याचा_पोर

लातूरहून हजेरी. वाचून मज्जा वाटली, म्हणजे तिकडंबी तेच.

आमच्याकडं सोयाबीनच्या सीझनला हमाल तास मोजतच नाय, पोतं मोजतो. उतराईचं वेगळं, भराईचं वेगळं, थप्पी लावायचं वेगळं. रात्री अकराला गाडी लागली तर लागली. माथाडी मंडळात नोंद असंल तर मजुरी मंडळातनं येती, वर लेव्ही भरावी लागती, त्यातनं त्याचा फंड, बोनस. १९६९ चा कायदा, आण्णासाहेब पाटलांची पुण्याई. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली म्हणून तिथला हमाल आज ताठ बोलतो. पण गावाकडच्या खाजगी गोदामावर, जिथं दिवाणजी, वॉचमन आन् दोन गडी, तिथं नोंद कुणाची आन् ओव्हरटाइम कुणाचा.

दुकाने-आस्थापनांचा २०१७ चा कायदा दहा माणसांपासनं लागू. आता तो आकडा वीस करायला मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिलेली. मंजी नऊ गड्यांचं गोदाम आधीच बाहेर होतं, आता एकोणीसचंबी. तिकडं पाच, हिकडं वीस. तुमचं बरं म्हणायचं.

---

कोकणी_काकू

पोरा, तास बघू नकोस, आधी झोप बघ. ७२ तास जागून त्या सायलोत उतरतोस का रे तू? आमच्या शेजारच्या मुलाने इलिनॉयची बातमी सांगितली होती, मुलं धान्यात बुडाली म्हणून. धान्यात माणूस बुडतो हे मला तोवर माहीतच नव्हतं.

---

नदीकाठी

काकू म्हणतायत ती घटना माउंट कॅरोलची, जुलै २०१०. एक १९ वर्षांचा आणि एक चक्क १४ वर्षांचा, दोघे गेले. खालून ऑगर (धान्य ओढणारा फिरता स्क्रू) चालू, वर पोरं मका मोकळा करायला उतरलेली. मका खालून ओढला जायला लागला की माणूस काही सेकंदांत गुडघ्यापर्यंत जातो आणि मग स्वतःच्या बळावर निघत नाही.

कणीस, ओव्हरटाइमची सूट असली तरी सुरक्षेच्या नियमांना सूट नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. धान्याच्या कोठारांसाठी ओशाचं (अमेरिकेचं कामगार-सुरक्षा खातं) वेगळं मानक आहे, १९१०.२७२. आत उतरायच्या आधी ऑगर बंद करून कुलूप, हवा तपासणी, हार्नेस आणि दोर, बाहेर लक्ष ठेवणारा माणूस. आणि धान्य खाली सरकवायला त्यावर चालायचं नाही, म्हणजे नाहीच. "दोन मिनिटांचं काम आहे" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

आता मूळ विषय. मी नेब्रास्कात एका सहकारी संस्थेच्या हिशेबखात्यात आहे, म्हणजे टेबलाच्या पलीकडचा. मालकाची बाजू कोणी मांडत नाहीये म्हणून मांडतो. एलेव्हेटरचा धंदा बुशेलमागे काही सेंटांवर चालतो. सुगी पाच-सहा आठवड्यांची आणि ती शेतकरी ठरवत नाही, हवामान ठरवतं. पाऊस येणार म्हटलं की सगळा तालुका एका रात्रीत मका काढतो. चार माणसांच्या गावात रात्रीची दुसरी पाळी आणायची कुठून? काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, सूट दिली ती हे बघूनच.

तरीही आमच्याकडे आम्ही सरसकट दीडपट देतो. उदारपणा नाही, हिशेब आहे. कुठल्या शाखेत कुठल्या आठवड्यात पाच होते आणि कुठल्यात सहा, शेजारच्या शाखेतला ड्रायव्हर मदतीला आला तो कुणात धरायचा, हे टिपत बसण्यापेक्षा पैसे देणं सोपं. शिवाय माणूस टिकत नाही. वीस मैलांवर इथेनॉलचा कारखाना ओव्हरटाइम देतो, मग तो आमच्याकडे का राहील?

---

गप्प_गुमान

मग सूट ठेवलीय कशाला, कोणी वापरत नसेल तर?

---

कलमबहाद्दर

वापरतात हो, लहान खाजगी एलेव्हेटरवाले. नवरा मालक, मुलगा काट्यावर, तीन गडी. त्यांच्यासाठीच आहे ती.

'उत्पादन क्षेत्रा'चं राहिलं, ते सांगतो, कारण त्यात गंमत आहे. १९३८ च्या मूळ कायद्यात हा शब्द आला आणि व्याख्या करायचं काम कामगार खात्याकडे दिलं. खात्याने त्यात माणसांची संख्या घुसवली, सातापेक्षा कमी-जास्त वगैरे. फ्लोरिडातल्या एका फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्याच्या खटल्यात, १९४४ साली, सुप्रीम कोर्टाने ती उडवली. क्षेत्र म्हणजे भूगोल, त्यात डोकी कसली मोजता, असा एकूण सूर. मग खात्याने नकाशावरची व्याख्या केली. एलेव्हेटरच्या कलमात मात्र काँग्रेसनेच स्वतः पाचाचा आकडा लिहिला, त्यामुळे तो कोणी उडवू शकत नाही.

आजची व्याख्या: जागा उघड्या माळावर किंवा खेड्यात हवी. २,५०० किंवा त्याहून जास्त वस्तीचं गाव चालत नाही, आणि अशा गावापासून एक मैलाच्या आतही नको. पन्नास हजारांच्या वरचं शहर असेल तर तीन मैल, पाच लाखांच्या वर पाच मैल. आणि धान्याच्या बाबतीत ९५ टक्के माल ५० मैलांच्या आतून आलेला हवा. मैल रस्त्याचे नाहीत, सरळ रेषेतले. हा ९५ टक्क्यांचा हिशेब मागच्या कॅलेंडर महिन्याच्या मालावर होतो.

तुमचं नऊशेचं गाव, मोठं गाव अकरा मैलांवर, माल आसपासचा. ही अट तुमच्या मालकाने सहज पार केली. त्यामुळे वाद घालायचा तर पाचाच्या आकड्यावर घाला, बाकी ठिकाणी वेळ दवडू नका.

---

स्वाती_डीमॉइन

आयोवाचा स्वतःचा ओव्हरटाइमचा कायदा नाही, त्यामुळे तुम्हाला फेडरलच. राज्य बदललं की चित्र बदलतं. मिनेसोटात राज्याचा नियम ४८ तासांचा आहे आणि फेडरल सूट मिळाली म्हणून राज्याचा नियम आपोआप सुटत नाही. दोन्हींत कामगाराला जो चांगला तो. दुसऱ्या राज्यातून हा धागा वाचणाऱ्यांनी आयोवाचं उत्तर स्वतःला लावू नये.

दुसरं, सूट फक्त ओव्हरटाइमची. किमान वेतन आहेच, फेडरल ७.२५ डॉलर, २००९ पासून हललेलं नाही. आणि ट्रकची वाट बघत काट्यावर बसलेला वेळ हाही कामाचाच वेळ. "ट्रक नव्हते, क्लॉक आउट करून बस" असं कोणी सांगत असेल तर तो वेगळाच घोटाळा.

---

मक्याचं_कणीस

बाप रे, केवढी माहिती. सगळ्यांचे आभार. काकू, मी सायलोत उतरत नाही, काट्यावरच असतो. पण ती दोन पोरं उतरायला कमी करणार नाहीत, नदीकाठींचं लिहिलेलं त्यांना सांगतो.

माझी अडचण कायद्याची कमी आणि गावाची जास्त. मॅनेजरची आई बायकोची पेशंट. त्याच्या बायकोने पहिल्या हिवाळ्यात आम्हाला बर्फाचे बूट आणून दिले. त्याच्यावर लेबर खात्यात तक्रार टाकायची आणि रविवारी त्याच्याच शेजारी पॉटलकला बसायचं? आणि आमचं ग्रीन कार्ड अजून व्हायचंय.

---

स्वाती_डीमॉइन

ग्रीन कार्डाचा आणि मजुरीचा संबंध नाही. तुमच्याकडे परमिट आहे, हक्काचे पैसे विचारणं हा गुन्हा नाही. विचारलं म्हणून काढून टाकणं हे मात्र बेकायदेशीर आहे, त्याच कायद्याच्या कलम १५ खाली.

गावाचं म्हणाल तर ते कायद्यात नाही, खरं आहे. म्हणून आधी तक्रार नकोच. विचारा, तेही लेखी, गोड भाषेत: "सुगीत आपण आठ जण होतो, मग पाचाची सूट कशी लागू होते ते जरा समजावाल का?" आरोप नाही, प्रश्न. बहुतेक मॅनेजरांना हे कलम आधीच्या मॅनेजरकडून ऐकून माहीत असतं, पाचाचा आकडा त्यांच्या गावीही नसतो.

---

कलमबहाद्दर

सहमत. आणि हातात काहीतरी असू द्या. आजच बसून वहीत लिहा: कुठल्या आठवड्यात कोण कोण कामावर होतं, तुम्ही किती वाजता आलात, गेलात. आठवणीतून लिहिलेलंही चालतं, पण सहा महिन्यांनी लिहिलेलं आणि आज लिहिलेलं यात फरक पडतो. शेतकऱ्यांच्या तिकिटांचे फोटो काढू नका, तो त्यांचा धंद्याचा कागद, त्यावरून उगाच तुमच्यावर येईल.

दावा मागे दोन वर्षांपर्यंत जातो, मालकाने जाणूनबुजून केलं असेल तर तीन. कोर्टात गेलं तर थकलेल्या रकमेइतकीच भरपाई आणखी मिळू शकते. सूट लागू आहे हे सिद्ध करायचं ओझं मालकावर, तुमच्यावर नाही. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एवढंच सांगितलं की त्यासाठी मालकाला फार कडक पुरावा लागत नाही, नेहमीच्या दिवाणी खटल्याइतका पुरे. पण ओझं त्याचंच.

---

आडत्याचा_पोर

लेखी विचारा हे बेस्ट. आमच्याकडं तोंडी विचारलं की उत्तर येतं "बघू", लेखी विचारलं की येतं "चहा घे".

---

मक्याचं_कणीस

अपडेट. मेल टाकला, स्वातीताईंच्याच शब्दांत. मॅनेजर दुसऱ्या दिवशी स्वतः काट्यावर आला, म्हणाला की पाचाचं मला ठाऊक होतं पण हंगामी पोरं मोजायची नसतात असा माझा समज. मेल त्याने मुख्य ऑफिसला पुढे पाठवलाय. तिथून उत्तर आलं की आजोबा आणि पोरं होती ते आठवडे तपासतोय, आणि "सदिच्छा म्हणून" सगळ्यांना काही रक्कम द्यायचा विचार आहे. खताच्या शेडबद्दल अवाक्षर नाही.

सदिच्छा म्हणून घेऊन मोकळं व्हावं का? पैसे तेच, भांडण नाही.

---

नदीकाठी

थांबा, पैसे तेच नाहीत. इथे माझं खातं कामाला येतं.

जुलै २०२५ च्या नव्या टॅक्स कायद्यात ओव्हरटाइमची वजावट आलीय, २०२५ ते २०२८, वर्षाला १२,५०० डॉलरपर्यंत, नवरा-बायकोच्या एकत्र रिटर्नला २५,०००. मोठ्या उत्पन्नावर ती कमी होत जाते, डॉक्टरीणबाईंचा पगार धरून ते आधी बघा. वजावट मिळते ती फक्त दीडपटीतल्या वरच्या अर्ध्यावर, म्हणजे तुमच्या बाबतीत तासाला २० वर नाही, त्यावरच्या १० वर. आणि तीही तेव्हाच, जेव्हा तो ओव्हरटाइम फेडरल कायद्याच्या कलम ७ प्रमाणे देणं बंधनकारक होतं. मालकाने सूट असताना खुशीने दिला तर तो या वजावटीत बसत नाही. आमच्या पाच माणसांच्या शाखांत आम्ही देतो तो दीडपट याच कारणाने बसत नाही, आणि तिथल्या लोकांना हे समजावताना माझ्या नाकीनऊ आलेत.

तेव्हा मुख्य ऑफिसला एवढंच लिहा की रक्कम आठवडावार दाखवा, आणि ज्या आठवड्यांत पाचाच्या वर माणसं होती त्या आठवड्यांचा ओव्हरटाइम म्हणूनच दाखवा, बोनस किंवा सदिच्छा म्हणून नको. पैसे घेताना सहीसाठी कागद पुढे केला तर तो आधी घरी आणून वाचा. शेडचं पुढच्या मेलमध्ये, वेगळं विचारा.